पेडलवरचा पाय

प्रिय ठमे,

तुझं पत्र परवा पोचलं. तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण त्यांना हल्ली अक्षरं लागत नाहीत. कबूल मात्र करायचं नाही, चष्मा सापडत नाही म्हणतात. चष्मा नाकावर असतो. रविवारी तू मिस्त्रीला घेऊन येणार, शेडमधल्या गाडीचं इंजिन उघडून नवं करणार, बाबांना पंचाहत्तरीची भेट. वाचताना माझा आवाज अडखळला. त्यांना वाटलं लेकीच्या कौतुकाने. वाटू दे म्हटलं.

दोन वर्षं झाली गाडी पडून. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस, आता नळाचा वायसर बदलायलाही नको म्हणतो. पाने, स्क्रू-ड्रायव्हर सगळं वाटून टाकलं. दिवसभर शेडकडे तोंड करून खुर्चीत बसतात. तू फोनवर म्हणतेस, बाबा खचले. खचले नाहीत गं, मी खचवले.

गाडी चढावर दम खायला लागली म्हणून त्यांनी स्वतःच कॉम्प्रेशन बघायला घेतलं होतं. तुला आठवत असेल, चारही प्लग काढायचे, एकेका भोकात दाब मोजायचं गेज लावायचं, आणि कुणीतरी आत बसून अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबून चावी फिरवायची. लहानपणी तू बसायचीस. तू लग्न होऊन गेलीस आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. आमची जेवढी भांडणं त्या सीटवर झाली तेवढी स्वयंपाकघरातही नाही झाली. पेडल पूर्ण दाबलं तरच इंजिनात पुरती हवा जाते, नाहीतर काटा वर चढत नाही, हे त्यांनीच मला शंभरदा ऐकवलेलं.

त्या दिवशी मी पाय उचलून घेतला.

दीडशेच्या वर यायला हवं होतं. पहिल्याला नव्वद, दुसऱ्याला नव्वद, तिसऱ्याला, चौथ्याला तेच. त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, पाय पूर्ण दाबलास ना. मी हो म्हटलं, चांगलं डोळ्याला डोळा देऊन. इंजिन झिजतं ते कुठे कमी, कुठे जास्त, चारही सारखे खाली आले तर आधी पाय बघायचा, हेही त्यांचंच शिकवणं. तरी त्यांनी गेज पुसलं, डबीत ठेवलं आणि इंजिन संपलं म्हणाले.

का केलं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. तीन दिवस आधी बाजारातून येताना, बाबा चालवत होते, वळणावर आपल्या गाडीचा धक्का शिंप्याच्या सायकलला लागला. तोच, तुझे शाळेचे झगे शिवणारा. आरशात मी त्याला पडताना पाहिलं. बाबांनी विचारलं, काय वाजलं. मी म्हटलं, खड्डा असेल. खरं सांगितलं असतं तर ते स्वतः पोलिसांत जाऊन बसले असते, त्यांना मी ओळखते. गाडी चालवणं सोडा म्हटलं असतं तर ऐकलं नसतं, म्हणून पाय उचलला. मी त्यांना वाचवलं आणि त्या माणसाला रस्त्यावर टाकून आले. त्याचा पाय गेला. त्याचं मशीन पायाचं, ते तेव्हापासून बंद आहे. मी आठवड्यातून दोनदा डबा देऊन येते. गाडी कुणाची ते त्याला कळलंच नाही, तो मला माउली म्हणतो. ऐकवत नाही.

तुझं पत्र ऐकलं त्याच दुपारची गोष्ट. जेवताना, ताटातून मान वर न करता, बाबा म्हणाले की मिस्त्री आला तर पेडलवर तूच बस. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मग पाण्याचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, शिंप्याला आता थोडंफार चालता येतं का.

म्हणून हे लिहिलं. मिस्त्रीला आणू नकोस, तू एकटी ये. आम्हा दोघांना शिंप्याच्या दारात जायचंय. बाबांना रस्ता दिसत नाही, आणि माझा पाय उचलत नाही.

तुझीच,
आई