पुतळ्याखालची जमीन

रविवार, १२ एप्रिल

चि. ठकू,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद, दोन्ही वानरांना गालगुच्चे. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा खोकला आहे तसाच आहे, वाढला नाही यातच समाधान. तू म्हणशील, आईला आज पत्र लिहायची हुक्की कुठून आली, फोनला काय झालंय? फोनला काही झालेलं नाही. मी फोनवर बोलायला लागले की तुझे बाबा शेजारी कान टवकारून बसतात, म्हणून पत्र.

तर पहिली गोष्ट म्हणजे, सुट्टीत मुलांना इकडे पाठवायची यंदा घाई करू नकोस. ऊन कडक आहे. डासही फार झालेत. शिवाय घराला रंग द्यायचा बेत आहे, म्हणजे सगळं सामान खोलीच्या मध्यात येणार आणि तुझा धाकटा पहिल्याच दिवशी रंगाच्या डब्यात बसणार. त्यापेक्षा पुढच्या वर्षी पाहू.

इकडची मोठी बातमी म्हणजे पुतळा. आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला खाणकामगार. लहानपणी तू त्याच्या खांद्यावर चढून फोटो काढायला लावलास आणि मग उतरता येईना म्हणून भोकाड पसरलंस, तोच. नगरपालिकेला तो तिथून उचलून बसस्थानकाजवळच्या नव्या बागेत न्यायचाय. त्यावरून गावात नुसती जुंपलीय. न्हाव्याने तर 'हलवा'वाल्यांना सकाळी आणि 'हलवू नका'वाल्यांना दुपारी यायला सांगितलंय. हातात वस्तरा असताना भांडणं नकोत म्हणतो.

पुतळा जुन्या खाणीच्या तोंडावरच बसवलाय हे तुला माहीत आहे. आग लागली तेव्हा ते तोंड बंद करावं लागलं आणि आत राहिलेली माणसं आतच राहिली. बाबांचा जोडीदार त्यांत होता. त्यामुळे 'हलवू नका' समितीचा अध्यक्ष कोण, हा प्रश्नच आला नाही. बाबांनी त्यासाठी नवा शर्ट शिवून घेतला. एरवी लग्नाकार्यांसाठी मी घसा फोडला तरी ऐकत नव्हते.

नगरपालिकेची इंजिनिअर बाई तुझ्याहून लहान असेल. तिने यंत्र लावून पाहिलं आणि सभेत सांगितलं की खालची जमीन खचते आहे, पुतळा एका बाजूला कलला आहे. तेव्हा आपली शेजारची शिवणवाली मावशी उठून म्हणाली, "बाई गं, जन्मभर वाकून कोळसा काढलाय त्याने, म्हातारपणी कलणार नाही तर काय!" सगळी सभा हसली. ती पोरगी लाल झाली आणि कागद गोळा करायला लागली. मीही हसले.

घरात तसं ठीक आहे. स्वयंपाकघराचं दार घासत होतं म्हणून सुताराला बोलावलं. त्याने तासून दिलं. थोड्या दिवसांनी पुन्हा घासायला लागलं, पुन्हा तासलं. आता खाली एवढी फट झालीय की मांजर दार न उघडता आत येतं, आणि वर मात्र दार लागतच नाही. मधल्या खोलीतलं कपाटही आम्ही समोरच्या भिंतीला सरकवलं.

रंगाचं मी वर लिहिलं ते खोटं आहे, ठकू. कपाट भेग झाकायला सरकवलंय.

तू शाळेत सांगायचीस, माझे बाबा दगड वाजवतात. मुलं हसायची. पण खरंच तेच त्यांचं काम होतं. पाळी आत जायच्या आधी ते पहार घेऊन एकटे जायचे आणि डोक्यावरच्या दगडाला ठोकत पुढे सरकायचे. खणखणीत वाजला तर माणसं आत. बद्द वाजला तर कोणी पाऊल टाकायचं नाही, मग वरचा साहेब कितीही ओरडेना. त्यांच्या कानावर विसंबून माणसं आत जायची. अजूनही इथे बाबांचा कान म्हणजे शेवटचा शब्द.

म्हणून समितीने ठरवलं की त्या पोरीच्या यंत्राला बाबांच्या कानाने उत्तर द्यायचं. गेल्या रविवारी अख्खी गल्ली पुतळ्याभोवती जमली. बाबांनी माळ्यावरची पहार काढली आणि चौथऱ्याभोवती ठोकत फिरायला लागले. कोणी खोकलंसुद्धा नाही. मी अगदी त्यांच्या मागे होते, चष्म्याची डबी धरून. मला तो आवाज कळतो गं. हा माणूस फुलझाडाची कुंडीसुद्धा ठोकून घेतो, त्यांच्याबरोबर एवढा संसार केला तर कळणारच. आपल्या घराच्या बाजूला पहार बद्द वाजली. प्रत्येक ठोक्याला बद्द.

बाबांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. समोर शिवणवाली मावशी, नुकताच घरावर वरचा मजला चढवलेला दूधवाला, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"खणखणीत आहे," बाबा म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच दिवशी जेवताना मला म्हणतात, "ठकूला कळव. मुलांना यंदा पाठवू नको म्हणावं."

"का?"

"ऊन फार आहे."

मी पळी खाली ठेवली. म्हटलं, "अहो, मी तुमच्या मागेच उभी होते. मी ऐकलंय."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "पोकळ म्हटलं असतं तर आज पुतळा हलला असता आणि उद्या घरं. जायचं कुठे सगळ्यांनी? त्या दूधवाल्याने होतं नव्हतं ते मजल्यात घातलंय. आणि खाली तो जोडीदार आहे माझा. त्याला तिथे टाकून मी बागेत हवा खायला जाऊ?"

"आणि मावशीच्या नाती?"

ते उठून हात धुवायला गेले. तेव्हापासून आम्ही यावर बोललो नाही. बाकी सगळं बोलतो, दूध नासलं, वीजबिल आलं.

मला त्यांचा फार राग आला. आपली नातवंडं लांब ठेवायची आणि दुसऱ्यांची खुशाल झोपू द्यायची, असं कसं वागू शकतो हा माणूस? पण पत्र लिहायला बसले तेव्हा मी तरी काय करत होते? पहिलं पान पुन्हा वाच. ऊन, डास, रंग. काल मावशीने कुंपणावरून विचारलं, "तुझी वानरं कधी येतायत? माझ्या नाती मंगळवारी येतील. मागच्या खोलीत त्यांच्यासाठी पलंग टाकलाय." मागची खोली म्हणजे आपल्या भेगेच्या भिंतीपलीकडची. मी म्हटलं, "यंदा परीक्षा लांबल्यात गं." मला माझीच शरम वाटते.

इथवर लिहिलं आणि मी उठून शेजारी गेले. आता परत येऊन लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

मावशी मशीनवर नातीचा फ्रॉक शिवत होती. मी दारातूनच सांगून टाकलं. म्हटलं, "त्या दिवशी बद्द वाजलं होतं. यांनी ऐकलं, मीही ऐकलं. तुझ्या नातींना येऊ देऊ नकोस."

तिने पायडलवरचा पाय काढला. "म्हणून तुझी येत नाहीयेत?"

"हो."

"परीक्षा नाहीत?"

"नाहीत."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाली, "मग टाळ्या का वाजवल्यास गं?"

आमची एवढ्या वर्षांची मैत्री, ठकू, आणि मी तिच्या दारात चोरासारखी उभी होते. फाटकापर्यंत आले तोवर ती फोनवर लेकीला ओरडून सांगत होती, "येऊ नका, अजिबात येऊ नका."

घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं आकाशपाताळ एक करतील. ते फक्त म्हणाले, "आता सगळे येतील." आणि आलेच. दूधवाला पुढे होता. बाबा पायरीवर गेले, मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"काका," दूधवाल्याने विचारलं, "काय वाजलं होतं?"

बाबांना खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत सगळे थांबले. मग बाबा म्हणाले, "बद्द."

दूधवाला तिथेच मातीत खाली बसला. एकेक जण आपापल्या घरात गेला. कोणी आमच्याकडे वळून पाहिलं नाही. बाबा अजून पायरीवरच बसलेत. मी चहा नेऊन दिला, तो गार झाला.

उद्या ते स्वतः त्या इंजिनिअर पोरीकडे जाणार आहेत, घरांचं विचारायला. काय निघेल त्यातून, देव जाणे.

जावईबापूंना विचारून कळव, तुमच्या बाहेरच्या खोलीत आम्हा दोघांची सोय होईल का. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. मात्र सोय नसली तर तसं स्पष्ट लिही, माझ्यासारखं उन्हाचं कारण देऊ नकोस.

तुझी
आई