चारच माणसं वाचणार

मिर्राबील, ३ जून २०१९

ती. वेल्टामावशीस,
इल्झेचा सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. राय धान्याचा पाव वाटेतच दगड झाला होता, सूपमध्ये बुडवून खाल्ला. इथे सकाळी गवत पांढरं पडतंय आणि ऑफिसातला हीटर फक्त मुख्याधिकाऱ्यांच्या बाजूला चालतो.

नगरपालिकेतलं माझं काम तेच, अनुदानासाठी अर्ज लिहायचं. तुझ्या भाषेत, कोट घालून भीक मागायचं. यंदाचा अर्ज आश्रय मागायला आलेल्या कुटुंबांसाठी आहे. खरं तर गावात असं एकच कुटुंब आहे, बाकीची अर्जात 'अपेक्षित' आहेत. मागे लिहिलं होतं ती इराणी महनाझ आणि तिची नऊ वर्षांची नेगार. जत्रेच्या मैदानाजवळ रखवालदाराचं जुनं घर आहे ना, तिथे आम्ही त्यांना ठेवलंय. तिच्या आश्रयाच्या अर्जाचा निकाल कॅनबेराकडून अजून नाही, आणि तोवर मिळणारी मदत मात्र बंद झालीय. मुख्याधिकारी म्हणाले की राज्याचं अनुदान आलं तर त्या दोघी राहतील, नाहीतर ऑगस्टपासून घर भाड्याने द्यावं लागेल. परत मेलबर्नला जायचं तर तिथे त्यांना कुणी नाही. नेगारला इथल्या शाळेत आता कुठे मैत्रिणी मिळाल्यात.

डेस प्रिडमोर नगरसेवक बैठकीत म्हणाला की इल्झेबाई, रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी अर्ज लिहा, खड्डे कुठे पळून जात नाहीत. सगळे हसले. मीही थोडी हसले, त्याचं नंतर वाईट वाटलं.

अर्जाला एका लाभार्थीची गोष्ट जोडावी लागते. म्हणून महनाझकडे गेले. तिने चहा दिला, स्वतः साखरेचा खडा दातांत धरून प्यायली. म्हणाली की गोष्ट सांगते, पण नाव नको. तिकडे अहवाज शहरात ती मुलींना पोहायला शिकवायची, मोर्चात दिसली म्हणून पळावं लागलं. तिचा भाऊ जामिनावर आहे. त्याने चौकीवर सांगून टाकलंय की बहीण होडीतून जाताना बुडाली. तिकडे ती मेलेली आहे म्हणून तो घरी आहे. पोहायला शिकवणारी बाई बुडाली यावर त्यांनी विश्वास ठेवला हेच नवल, असं म्हणून ती हसली. मग विचारलं की हे वाचणार कोण. मी म्हटलं, मेलबर्नला एका टेबलाभोवती बसलेली चार माणसं. चारच. तिने मान डोलावली.

गुडघा कसा आहे ते लिही. लोभ आहेच, तो पावासारखा वाळू देऊ नकोस.

तुझी,
इल्झे

---

फ्लिंडर्स बेट, ११ जून

चि. इल्झेस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पाव चांगलाच होता, तुझे दात मऊ झालेत. कुंपणाखालून घुसून वॉलबी कांगारूंनी माझा सगळा कोबी खाल्ला. गुडघा आहे तिथेच आहे. धुक्यामुळे टपालाचं विमान येत नाही, तेव्हा हे पत्र तुला कधी मिळेल देव जाणे.

तुझ्या बैठकीच्या खोलीत माझा एक फोटो आहे. बोनेगिल्लाच्या निर्वासित छावणीतली मी, सात वर्षांची, हातात बाहुली. तुझ्या आजीने वर्तमानपत्रातून कापून तो चौकटीत बसवला. त्याच्याबद्दल तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. छावणीत एक दिवस फोटोवाला आला, सोबत टोपी घातलेली बाई. तिने बाहुली दिली. खऱ्या केसांची होती. मी हसले, फोटो निघाला. मग त्या बाईने माझ्या हातातून बाहुली काढून घेतली आणि रांगेतल्या पुढच्या मुलीला दिली. शेवटी ती खोक्यात गेली. ती बाई दुष्ट नव्हती, मला थँक्यू म्हणाली होती. तिचे हातमोजे आठवतात. चेहरा मात्र कितीही आठवला तरी आठवत नाही.

फोटो खोटा नाही. मी हसलेच होते. पण वर्तमानपत्र वाचून ज्यांना बरं वाटलं, त्यांना पुढचं कुठे माहीत होतं.

तेव्हा एवढंच कर. तू लिहिलेली गोष्ट पाठवण्याआधी त्या बाईला मोठ्याने वाचून दाखव. ती जिथे गप्प होईल तेवढं खोड. नेगारचं माप कळव, निळी लोकर पडून आहे.

लोभाची आठवण मला करून द्यावी लागत नाही.

तुझी मावशी,
वेल्टा

---

मिर्राबील, २४ जून

ती. वेल्टामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी आलं. अर्ज त्याआधीच्या शुक्रवारी गेला होता. वाचून दाखवायला वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तिच्या घरी जाऊन यायला पंधरा मिनिटं लागतात. मला सुचलंच नाही.

मी नाव बदललं, तिच्या तिकडच्या गावाचं नाव काढून टाकलं. पोहणं ठेवलं. ते काढल्यावर गोष्ट कुणाचीही वाटायला लागली, आणि अशा शंभर गोष्टी त्या टेबलावर येणार होत्या. 'जी मुलींना पाण्यात तरंगायला शिकवत होती, ती स्वतः कागदावर बुडालेली आहे.' मावशी, मला ते वाक्य आवडलं होतं.

पुढचं लिहायला जड जातंय. अर्जाला मागाहून नगरपालिकेची मंजुरी जोडावी लागते, म्हणून तो सभेच्या विषयपत्रिकेला जोडला गेला, परिशिष्टासकट. विषयपत्रिका संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली असते. तो नियम मला पाठ आहे, नव्या लोकांना मीच शिकवते. तरी गोष्ट त्यातून काढायला मी विसरले. सोमवारी लक्षात आलं, मी ती काढायला लावली, पण आमच्या साप्ताहिकाच्या वार्ताहराने तोवर वाचली होती. बातमी प्रेमाने लिहिलीय. मथळा आहे, 'बुडालेली बाई आपल्या गावात जिवंत'.

गाव एकदम मायाळू झालंय. महनाझच्या ओट्यावर लोक झाकलेली भांडी ठेवून जातात, त्यातल्या निम्म्यांत डुकराचं मांस असतं. ठराव मंजूर झाला. प्रिडमोर विरोधात गेला. म्हणाला की एका बाईला घर द्यायला तिची कुंडली छापावी लागते, तर घर नको आणि छापणंही नको. मला तेव्हा तो निर्दय वाटला.

माफी मागायला मी गेले होते. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली, चहाही केला. साखर दातांत धरली नाही. एवढंच म्हणाली की आता थांबून बघू या. भर दुपारी तिने पडदे ओढून घेतले होते.

माप सोबत लिहिलंय. अंगाने बारीक आहे ती.

तू रागावलीस तरी लिहीत राहा, एवढंच मागते.

इल्झे

---

फ्लिंडर्स बेट, ५ जुलै

चि. इल्झेस,
आशीर्वाद.

रागवायला मला वेळ नाही, आणि तू स्वतःवर रागावत बसलीस तर तुलाही वेळ उरणार नाही. नीट वाच. माझी मागची खोली रिकामी आहे. छप्पर गळत नाही. बेटावर शाळा आहे, दुकान आहे, आणि इथे लोक वर्तमानपत्र चूल पेटवायला वापरतात. दोघींना इथे पाठव. नगरपालिकेतर्फे विचारू नकोस. अर्ज नको, ठराव नको. माझ्या मावशीने बोलावलंय, एवढंच सांग. आणि तिला म्हणावं, समुद्र जवळ आहे, पण हिवाळ्यात पाय घालू नकोस.

स्वेटर होत आलाय. बाह्या लांब ठेवल्यात, वाढतं अंग आहे. वेगळा पाठवते. तुझा घरचा पत्ता मला नेहमी चुकतो, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते.

त्या दोघींना माझा नमस्कार, आणि तुला उरलेला सगळा लोभ.

मावशी

---

मिर्राबील, २६ जुलै

ती. वेल्टामावशीस,
इल्झेचा नमस्कार. विशेष चांगलं काही नाही.

त्या दोघी गाव सोडून गेल्या. दहा तारखेला महनाझला वहिनीचा फोन आला. भावाला घरातून नेलं. मेलबर्नमधल्या, मूळच्या अहवाजच्याच कुणीतरी साप्ताहिकातली ती बातमी तिकडे नातेवाइकांना पाठवली होती, तिथून ती चौकीवर पोचली. वाईट हेतूने नाही, अभिमानाने. आपली पोहणारी पोर जिवंत आहे म्हणून.

मी धावत गेले. ती रडत नव्हती, ओरडलीही नाही. भांडी धुऊन ज्याची त्याला परत द्यायला वेगळी काढत होती. तिने एवढंच विचारलं की टेबलाभोवतीची ती चार माणसं चांगली होती का. मी त्यांना पाहिलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रिडमोरने आपल्या ट्रकमधून दोघींना नेलं. नगरपालिकेत छापण्याविरुद्ध तो एकटाच बोलला होता म्हणून महनाझ त्याच्याकडे गेली होती. कुठे सोडलं ते तो सांगत नाही, तिला शब्द दिलाय म्हणतो. मी फार गळ घातली, तर म्हणाला की इल्झे, तुझ्या चांगल्या मनाला आता जरा विश्रांती दे. त्या दुपारी तुझं पत्र आलं. इथे धुकं नव्हतं, मावशी. तुमच्याकडे होतं. तुझी मागची खोली तिला माहीतच नाही.

भावाचं पुढे काय झालं ते कळायला मार्ग नाही.

अनुदान मंजूर झालं. पूर्ण. पत्रात लिहिलंय की लाभार्थीची गोष्ट विशेष परिणामकारक होती. गुरुवारी रखवालदाराच्या घरापुढे नगराध्यक्षांचा फोटो काढणार आहेत. पडदे धुऊन लावलेत. प्रसिद्धीचं काम बघणारी टेगन विचारत होती की शाळेतली एखादी मुलगी उभी केली तर चालेल का, चेहरा पाठमोरा ठेवू. तुझं पार्सल ऑफिसच्या टपालात आलं ते तिनेच उघडलं. निळा रंग फोटोत छान दिसेल, तेवढ्यापुरता स्वेटर दे, लगेच परत करते, म्हणाली. बिचारी मनाने चांगली आहे. मी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि घरी आणला.

नेगारला पोचवायला प्रिडमोरकडे देऊन बघितला. त्याने घडी हातात घेतली, बाह्या उलगडून पाहिल्या आणि परत दिला. म्हणाला की तो कुठून आला हे तिला कळेल, आणि मग ती तिथूनही हलेल.

गुरुवारची रजा टाकलीय. त्याने काय होणार ते मलाही कळत नाही. वर्षअखेर अनुदानाचा अहवाल द्यायचा आहे, त्यालाही एक गोष्ट जोडावी लागते.

तुझा फोटो भिंतीवरच आहे. बाहुली काढून घेणाऱ्या त्या बाईचा चेहरा आठवत नाही म्हणतेस. मला हल्ली तो रोज दिसतो, सकाळी केस विंचरताना.

लोभ मागण्याचं तोंड नाही. तरी मागते.

इल्झे