विहिरीची अमावस्या

माय, काल अमावस्या होती. शहरातून पहाटेची एसटी धरून दौलताबादला आले आणि आपल्या विहिरीवर, तू बसायचीस त्याच दगडावर जाऊन बसले. रोज पहिला पोहरा सोडण्याआधी तू तिथं बसायचीस. देवाचं नाव नाही, माळ नाही, नुसती पाण्याकडं बघत. मला शाळेला उशीर होतो म्हणून कुरकुरले, की म्हणायचीस, "बघितल्याबिगर पाणी घेऊ नाय बाई. किती उरलंय ते कळाय पाहिजे." आणि अमावस्येला विहिरीला सुट्टी. आदल्या दिवशी रांजण भरून ठेवायचे, बैलांनाही त्यातलंच पाजायचं. भावकी हसायची. मलाही तो अडाणीपणाच वाटायचा.

पुढं विहिरीवर मोटार आली, पेरूची बाग आली, तरी तुझा नेम सुटला नाही. त्या कडक उन्हाळ्यात फळं धरलेली झाडं माना टाकायला लागली आणि अमावस्येलाच कुणीतरी मोटार चालू केली. तू आलीस तेव्हा झाडांच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत पाणी तुंबलं होतं. तू दादाला नको नको ते बोललीस. तो खाली मान घालून उभा राहिला. दिवसभर तुझ्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नाही. मी तांब्या घेऊन आले तर म्हणालीस, "माझ्या वाटणीचं आज झाडांनी पिलं." दुसऱ्या दिवशी मोटारीच्या पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली तू माझ्या हातात दिलीस. दादाला ती कधीच मिळाली नाही.

आता दादाला विहिरीशेजारी बोअर पाडायचाय. चहूकडं बोअर झाले, आपल्या विहिरीत गुडघाभर पाणी उरलंय. जमीन दोघांच्या नावावर, म्हणून माझी सही हवी. काल मी खूप वेळ खाली बघत बसले. तुला कसं जमायचं कोण जाणे. माझं मन घडीभर ठरत नव्हतं, सारखं त्या कागदाकडं पळत होतं. किल्ल्यावर ऊन आलं तेव्हा कुठं ते जरा निवलं आणि पाणी नीट दिसलं. तळ दिसत होता. भीती वाटली मला, माय. एवढंच उरलंय आणि आम्ही त्याच्याही खाली हात घालायला निघालोय.

दादा चहा घेऊन आला, शेजारी टेकला. बराच वेळ तोही खाली बघत राहिला. मग म्हणाला, "तू नाय म्हणलीस तर नाय पाडणार. किल्ली तुझ्याकडंच व्हती."

तो टोमणा नव्हता, पण असता तरी मला ऐकावा लागला असता. त्या अमावस्येला मोटारीचं बटण मी दाबलं होतं, आणि दादानं बांधावरून ते बघितलं होतं. इतक्या वर्षांत तो चकार शब्द बोलला नाही. मी सही केली नाही. पण 'नाही' म्हणताना त्याच्याकडं बघवलं नाही.

हे तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं. आणखी एक सांगते. त्या साली पेरू लई गोड लागले होते, माय. किल्ली कमरेला लावून मी ते रोज खात होते.