नंबरचं कुलूप काढलंय

प्रणिता,

दाराचं नंबरचं कुलूप काढून साधं लावलंय. एक किल्ली शेजारच्या सरूकाकूंकडे दिलीय, त्यांनी दार उघडून दिलंच असेल; तुझी किल्ली फ्रिजवर आहे.

काल तुझी शिफ्ट होती म्हणून तुला कळलं नाही. दुपारी बाबा शेतावरून आले आणि त्यांना नंबर आठवेना. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कानांवर हेडफोन. त्यांनी दार वाजवलं, हाका मारल्या, मग दीड तास उन्हात पायरीवर बसून राहिले. मी खाली आल्यावर काय बोललो असेन? "चारच आकडे आहेत, बाबा. तेवढेही लक्षात राहत नाहीत?" आज सकाळी ते पिशवी घेऊन रोह्याला आत्याकडे निघून गेले. मला वाटलं, रागावले.

मघाशी सरूकाकू येऊन गेल्या. काल त्यांनी बाबांना पाणी नेऊन दिलं, तेव्हा बाबांनी त्यांना हळूच विचारलं होतं, "सरू, हे घर माझंच हाय ना गो?"

ते रागावले नव्हते, घाबरले होते.

त्यांना आणायला रोह्याला निघालोय. तू गणपतीपासून डॉक्टरांना दाखवू या म्हणत होतीस आणि मी वय झालंय म्हणून टाळत आलो. पेणच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेऊन ठेव.

ते आले की नेहमीसारखीच बोल. माफी मला मागायची आहे. कशी मागू, ते मात्र अजून सुचलेलं नाही.

साईराज