नऊ पौंड तेरा औंस

३ मार्च, सोमवार

क्लबची सभा. नेहमीप्रमाणे कॅटफिश हाउस हॉटेलच्या मागच्या खोलीत. बास मासे पकडणाऱ्यांचा क्लब आणि जेवायला तळलेला कॅटफिश! अध्यक्ष झाल्यापासून याबद्दल बोलतो आहे. कोणी ऐकत नाही.

आज ऐकलं. शेजारच्या काउंटीत कुणीतरी माशाच्या पोटात शिसं भरून स्पर्धा जिंकली. मी ठराव मांडला: यंदा वसंत स्पर्धेनंतर खोटं पकडायचं मशीन आणायचं. दहा मिनिटं बोललो. शेवटी म्हणालो, कर नाही त्याला डर कशाला? टाळ्या. माझा मेव्हणा कॉय मागून म्हणाला, दाजी, तुमच्या तर नावातच डर आहे. (माझं नाव डरवुड. कॉयचा विनोद तिसऱ्या इयत्तेपुढे सरकलेला नाही.)

मग त्यानेच ठरावाला शेपूट जोडलं. मशीनवाला येतोच आहे, तर फळ्यावरच्या विक्रमांचीही तपासणी उरकून घेऊ. सुरुवात अध्यक्षांच्या नऊ पौंड तेरा औंसांपासून. सगळे हात वर. माझाही. तो आधीपासूनच वर होता.

घरी बायकोला, नेल्डाला सांगितलं. ती कूपनं कापत होती. म्हणाली, अस्सं? तिचं ते अस्सं मला आवडलं नाही.

४ मार्च

घाबरण्यासारखं काहीही नाही. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून वस्तुस्थिती एकदाची लिहून ठेवतो.

सोळा वर्षांपूर्वीची वसंत स्पर्धा. जोडीने उतरायचं असतं. कॉयचा पाय मोडला होता, म्हणून ऐनवेळी बायकोला घेतलं. बोट माझी. इंजिन माझं. मोडक्या धक्क्याची जागा मी निवडलेली. माझ्या रिळात दोरीचा गुंता झाला, घरट्याएवढा, म्हणून मान खाली घालून तो सोडवत बसलो होतो. तेवढ्या वेळात नेल्डाने तिची गळाची काठी हातात धरली होती. एवढंच. मासा लागला तेव्हा काठी तिच्या हातात होती. पण जाळी मी घातली. जाळीत येईपर्यंत मासा ही नुसती अफवा असते.

वजनकाट्यावर विचारलं, कोणाचा? मी म्हणालो, आमचा. फळ्यावर ‘डरवुड स्टॅग्ज’ लिहिलं ते त्यांनी. फोटोच्या वेळी नेल्डा आपण होऊन बाजूला झाली. ‘माझा’ हा शब्द मी त्या वर्षी एकदाही वापरला नाही.

आता तो मासा भुसा भरून आमच्या बैठकीच्या भिंतीवर आहे. पाहुण्यांना गोष्ट सांगायला लागलो की नेल्डा कॉफी बघायला आत जाते. कॉफी टेबलावरच असते.

योजना: १२ एप्रिलच्या स्पर्धेत दहा पौंडी बास पकडणे. विक्रम मोडला की जुनी ओळ पुसतात. पुसलेल्या ओळीची तपासणी कोण करणार? मशीनवाला १४ तारखेला येणार आहे. वेळ भरपूर आहे.

८ मार्च, शनिवार

सरावाला तळ्यावर. पाणी चौपन्न अंश फॅरनहाइट. नवीन काठी, नवीन रीळ, खोल बुडणाऱ्या प्लॅस्टिकच्या चार मासोळ्या. चारही पाण्याखालच्या झाडात अडकून गेल्या. म्हणजे तिथे झाडं आहेत. झाडं आहेत म्हणजे बास आहेत. दिवस चांगला गेला.

नेल्डा म्हणाली, जांभळा किडा का नाही लावत? वीतभर रबरी किडा, पुढे गोळीएवढं शिसं. तिच्याकडे त्याचं पाकीट अजून आहे. मी समजावलं की ते नवशिक्यांचं आमिष. तिने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या माशाकडे. मी विषय बदलला.

१५ मार्च

कॉयबरोबर. त्याला चार मासे. माझ्या गळाला त्याची टोपी.

परतताना म्हणाला, दाजी, त्या मोठ्याला आमिष कुठलं होतं हो? मी म्हणालो, ते गुपित आहे. म्हणाला, असणारच. आणि मग धक्क्यापर्यंत शीळ घालत राहिला. या माणसाला काहीतरी माहीत आहे. किंवा काहीच माहीत नाही. दोन्ही वाईट.

१९ मार्च

योजना क्रमांक दोन: मशीनचा सराव. औषधांच्या दुकानातून रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. प्रश्न मी लिहून दिले. नेल्डाने विचारायचे.

तुझं नाव डरवुड स्टॅग्ज? हो. १३१. तू गॅसची गाडी चालवतोस? हो. १२९. माशाच्या पोटात कधी शिसं भरलंस? नाही. १३०. उत्तम!

मग तिने कागद उलटा केला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. तरी तिने विचारलं, नऊ-तेरा कोणी पकडला? मी म्हणालो, मी. ती यंत्राकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. यंत्र बराच वेळ घरघरलं. १७६.

सकाळी नाश्त्याला मऊ पावासारख्या बिस्किटांवर सॉसेजची ग्रेव्ही जास्त घेतली होती. तसं सांगितलं. नेल्डाने पट्टा सोडला आणि म्हणाली, बास. मला वाटलं ती माशाबद्दल बोलते आहे.

२० मार्च

झोप नाही. पण उपाय सापडला. शरीराला सवय लावायची. गॅसच्या गाडीत रोज शंभर वेळा मोठ्याने: नऊ पौंड तेरा औंस, मी पकडला.

पहिला दिवस. चाळिसाव्या वेळी एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगणात त्यांची गॅसची टाकी भरत होतो. टाकी भरून झाली तरी म्हणतच होतो. त्या म्हणाल्या, असेल रे बाबा, मी कुठे नाही म्हणते?

२३ मार्च, रविवार

ऐकीव युक्ती: बुटात टाचणी ठेवायची. साध्या प्रश्नालाच टाचेने दाबायची, म्हणजे मशीन गोंधळतं. चर्चमध्ये करून बघितली. सगळे गाण्यासाठी उठले, मीही उठलो आणि ओरडलो. मागच्या तीन ओळींनी आमेन म्हटलं. पास्टर नंतर हात धरून म्हणाले, डरवुड, आज तुला काहीतरी टोचलं. टाचणी बंद.

२९ मार्च

कॉयने दगा दिला. यंदा दुसऱ्याबरोबर उतरतो म्हणाला. कारण विचारलं तर म्हणाला, दाजी, माझ्याकडे टोप्या दोनच उरल्या आहेत.

दोन आठवड्यांत जोडीदार कुठून आणू? सहा जणांना फोन केले. सहाही जणांच्या घरी त्या दिवशी लग्न आहे. नेल्डा भांडी पुसत होती. म्हणाली, मी येते.

नको म्हणायला तोंड उघडलं. मग क्लबला फोन करून तिचं नाव दिलं.

९ एप्रिल

विजय! आज सराव परीक्षा. सगळे प्रश्न क्रमाने. शेवटी तो. मी पकडला, म्हणालो. ११७. माझ्या नावापेक्षाही कमी!

नेल्डाने आकडा पुन्हा बघितला. म्हणाली, आता तुला खरंच तसं वाटतं, हो ना? मी म्हणालो, आकडे खोटं बोलत नाहीत. ती कॉफी बघायला आत गेली. मला वाईट वाटायला हवं होतं की काय, कोण जाणे. पण ११७ म्हणजे डॉक्टरसुद्धा खूश होतील.

तरीही दहा पौंडी हवाच. मशीन ते मशीन, त्याचा काय भरवसा?

१२ एप्रिल, शनिवार. स्पर्धा

५.५० – सतरा बोटी, धुकं. माझ्या सात काठ्या. नेल्डा पुढच्या खुर्चीवर, तिची जुनी काठी, टोकाला जांभळा किडा. लोक बघत होते.

७.२० – काही नाही.

९.०५ – काही नाही. कॉयची बोट समोरून गेली. त्याने चार बोटं दाखवली. चार मासे असावेत अशी आशा आहे.

११.३० – नेल्डाचे तीन, दोन-दोन पौंडांचे. माझं एक कासव.

१२.४० – नेल्डा म्हणते मोडक्या धक्क्याकडे चल. मी नको म्हणालो. ती म्हणाली, का? निघालो.

१.३५ – घाईत लिहितो आहे. अक्षर लागत नाही. माझं रीळ गुंतलं. मान खाली घालून सोडवत होतो. ती हळूच म्हणाली, डरवुड, जाळी.

वर बघितलं तर काठी कमानीसारखी वाकलेली. दोरी धक्क्याच्या खांबाला घासत होती. मासा एकदा वर आला, तोंड बादलीएवढं. तुटू नये, एवढंच देवाला सांगत होतो. नेल्डा अजिबात घाई करत नव्हती. तो ओढायचा तेव्हा दोरी सोडायची, थांबला की गुंडाळायची. सोळा वर्षांपूर्वीही अशीच करत होती का? मला आठवेना, कारण मी तेव्हा बघितलंच नव्हतं. जाळीत घेतला. हातकाट्यावर दहा पौंड दोन औंस! सुटलो. मी नेल्डाची पापी घेतली. ती म्हणाली, आधी त्याला पाण्यात ठेव.

२.५० – बोटीतली पाण्याची टाकी उघडून बघितली. मासा ठणठणीत. पण पाण्यात बोटभर लांबीची मासोळी तरंगते आहे, अर्धी पचलेली. ओकला. कपात भरून घेतली.

४.१५ – काट्यापाशी हॉलिस, आमचा सेक्रेटरी. आकडे नाचायला लागले. ९-१३. ९-१४. ९-१३. ९-१२. थांबले. मी म्हणालो, पुन्हा. पुन्हा ९-१२. कप पुढे केला, म्हणालो, हेही त्याचंच आहे. हॉलिस म्हणाला, डरवुड, आपण मासा तोलतो, त्याचं जेवण नाही. मागे सगळे हसले. दोन औंस! फक्त दोन औंस, आणि ते माझ्या हातातल्या कपात.

मग हॉलिसने पेन उचललं. आजचा सगळ्यात मोठा. कोणाचा?

माझ्या तोंडून आलं, आमचा.

त्याने स्टॅग्ज लिहिलं. फोटोवाला पुढे आला. नेल्डाने मासा माझ्या हातात दिला आणि दोन पावलं बाजूला सरली. कोणी सांगितलं नव्हतं. तिला सवय होती. ती तळ्याकडे बघत उभी राहिली आणि मला अशी लाज वाटली, की मासा धरवेना. त्या फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघत नाही.

ठरलं. सोमवारी खुर्चीवर बसून खरं सांगणार. नेल्डाला आधी सांगणार नाही. तिला तिथेच कळू दे.

१४ एप्रिल, सोमवार

मिस्टर इनमन, निवृत्त डेप्युटी शेरीफ. पेटीतलं जुनं मशीन, कागदावर फिरणारी सुई. माझ्या छातीला पट्टे, बोटांना टोप्या. सगळा क्लब खुर्च्या ओढून पुढे. नेल्डा दाराशी, हातात पीकन पाय या गोड पदार्थाची थाळी.

नाव? धंदा? शिसं? सुई सरळ.

मग इनमन म्हणाले, नऊ पौंड तेरा औंसांचा तो बास तुम्ही पकडलात का?

मी म्हणालो, नाही. नेल्डाने पकडला.

आणि सुई उडाली. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. इनमननी चष्मा काढून पुसला. म्हणाले, खोटं.

मी म्हणालो, अहो, खरं आहे! ते म्हणाले, पुन्हा सांगा. नेल्डाने पकडला. सुई कागदाबाहेर जाऊन टेबलक्लॉथवर. माझा शर्ट भिजला. मी ओरडलो, देवाशपथ तिनेच पकडला, मी गुंता सोडवत होतो! शाई संपेल म्हणून इनमननी मला गप्प केलं. म्हणाले, आता उलट सांगून बघा.

मी म्हणालो, मी पकडला.

सुई सरळ. झोपल्यासारखी. इनमन म्हणाले, तीस वर्षांत एवढी स्वच्छ रेघ पाहिली नाही. हॉलिस म्हणाला, बायकोसाठी विक्रम सोडायला निघाला होता बिचारा. टाळ्या. दोघातिघांनी माझी पाठ थोपटली. मी पट्ट्यांत बांधलेला, ओरडून सांगत होतो, आणि जितका ओरडत होतो तितके ते जास्त वाजवत होते.

कॉय टाळ्या वाजवत नव्हता. तो म्हणाला, नेल्डाला बसवा. सगळे तिच्याकडे वळले. तिने थाळी टेबलावर ठेवली, पर्स खांद्याला अडकवली. म्हणाली, मी काय पकडलं ते मला ठाऊक आहे. त्यासाठी मला बांधून घ्यायची गरज नाही. आणि गाडीत जाऊन बसली.

घरी येताना मी म्हणालो, आज मी सगळ्यांसमोर खरं बोललो. ती म्हणाली, हो, डरवुड. पण तुला त्याचा सराव नव्हता.

१९ एप्रिल, शनिवार

फळ्यावर माझ्या नावापुढे पितळी पट्टी लावली: मशीनने सिद्ध. मी काढा म्हणालो. हॉलिस म्हणाला, किती नम्र.

शरद स्पर्धेसाठी नेल्डाने कॉयबरोबर नाव दिलं आहे. दोघं पहाटेच तळ्यावर गेली. जाताना जांभळ्या किड्याचं पाकीट घेऊन गेली. एक माझ्यासाठी टेबलावर ठेवला होता, मिठाच्या डबीशेजारी.

आजपासून नवा सराव. भिंतीवरच्या माशासमोर उभं राहून शंभर वेळा: नेल्डाने पकडला. शंभर झाल्यावर रक्तदाबाचा पट्टा स्वतःच बांधला.

१८१.

नाश्त्याला ग्रेव्ही घेतली नव्हती.