निळा धूर आणि सोळा तारखेची पासिंग

३ डिसेंबर, सकाळी
भाजीच्या टेम्पोला पासिंगची तारीख मिळाली. १६ डिसेंबर, वाशीमचं आरटीओ. आधी धुराची तपासणी, मग साहेब गाडी पाहणार. धूर निळा आहे. नापास झालो तर टेम्पो अंगणात आणि वांगी झाडावर. रिसोडच्या बाजारात डोक्यावर किती नेणार? मी घाबरलेलो नाही, सावध आहे. पोहे गेले नाहीत, कारण मीठ जास्त होतं.

४ डिसेंबर
गुलाबसिंग मिस्त्रीने सायलेन्सरमध्ये बोट घालून हुंगलं. म्हणाला, शालिकभाऊ, इंजिन ऑइल पिऊन राह्यलं. वॉल्व्हचे सील गेले. गाडी टाकून जा. मी विचार करतो म्हणालो. गाडी मिस्त्रीकडे टाकली की तो आणखी काय काय बिघडलंय ते सांगतो. ते ऐकायची माझी तयारी नाही.
संकल्प: सील स्वतः बदलणार. मोबाइलवर अकरा मिनिटांचा व्हिडिओ आहे.

७ डिसेंबर, दुपारी २
इंजिनचं झाकण उघडलं. आत व्हिडिओपेक्षा बरंच काही आहे. झाकण परत ठेवलं.
दुपारी ४. पंचफुलाने विचारलं, झालं का? मी म्हटलं, निरीक्षण झालं. बायकोला तपशील देऊ नये.

९ डिसेंबर
चार जुने सील काढले. नव्यांपैकी दोन बसवताना फाटले. दुकानात परत जावं तर दुकानदार विचारणार, काहून फाटले? त्यापेक्षा फवारणी पंपाचे दोन वायसर काढून बसवले. थोडं कापावं लागलं. रबर म्हणजे रबर. जे औषध अडवतं ते ऑइल का नाही अडवणार? हे व्हिडिओवाल्यालाही सुचलं नसतं.

१० डिसेंबर
गाडी सुरू केली. धूर आता निळा नाही, निळा-पांढरा आहे. भरपूर आहे. शेजारचे धम्मपालभाऊ दारात येऊन म्हणाले, मच्छरची फवारणी करून राह्यले का? मी हो म्हटलं. मफलर नाकापर्यंत ओढला. यंदा थंडी फार.

१२ डिसेंबर
वांग्यावर अळी पडली म्हणून पंचफुला पंप पाठीवर घेऊन गेली. अर्ध्या तासात परत. लुगडं मागून ओलंचिंब. नशीब, निंबोळी अर्क होता. दुसरं औषध असतं तर? त्यापुढे लिहवत नाही. तिने पंप उघडला. वायसर कायले काढले, म्हणाली. मी उंदराने नेले असं सांगितलं. ती बराच वेळ टेम्पोकडे पाहत राहिली.

१३ डिसेंबर
खरं सांगितलं. ती रागावली नाही, हेच वाईट. गुलाबसिंगला फोन केला. तो घरीच आला, इंजिन उघडलं. वायसर फुगून भज्यांएवढे झाले होते. तो हसला नाही. म्हणाला, अजून आठ दिवस चालवली असती तर इंजिन बसलं असतं. संध्याकाळपर्यंत नवे सील टाकले. धूर गेला म्हणे. मी घरात होतो. एवढ्या लोकांची तिथे गरज नव्हती.

१६ डिसेंबर, सकाळी ६
पोट बिघडलं. शिळी भाकर. पंचफुला म्हणाली, तुमी राहा, मी जातो गुलाबसिंगभाऊसंग. जाऊ दिलं. संसारात बायकोलाही संधी द्यावी.
सकाळी ११. अजून फोन नाही. तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. पोट बिघडलेल्या माणसाने चालावं.

दुपारी ३
पास. धूर तपासायला पाचच मिनिटं लागली. साहेब ओरडले का, पंचफुलाला विचारलं. कायले ओरडतीन, म्हणाली, चांगला मानूस हाय. माझ्याबद्दल काही विचारलं का? नाही म्हणाली. गाडीच पाहिली त्यांनी.

१८ डिसेंबर
पंचफुलाने शिकाऊ लायसनचा फॉर्म भरला. आता टेम्पो तीही चालवणार. परीक्षा पुढच्या आठवड्यात, वाशीमलाच. चूल पेटवता पेटवता म्हणाली, मले लय भेव वाटून राह्यलं, तुमी चाला ना संगं. इतकं सरळ म्हणाली, मिठाचा डबा द्या म्हणावं तसं. मी येतो म्हटलं. मलाही भेव वाटतं, हे मात्र तोंडातून निघालं नाही.