झाडाला न टांगता येणारा अंगठा

स्वेनबोर्ग,
१२ सप्टेंबर

प्रिय मेरेते,

तुझं कार्ड मिळालं. बेर्गनला पाऊस संपत नाही आणि तुझ्या त्या आर्नेला नवं घर मानवलंय, हे वाचलं. बरं वाटलं. माझा गुडघा कुरकुरतोय. यंदा झाडाला इतके प्लम लागलेत की जॅम करून करून मी कंटाळले.

तुझी लेर्के मजेत आहे. म्हणजे खाते-पिते. गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दात घट्ट मिटायला सांगितले, तरी मधून पेन्सिल आरपार गेली! "पक्के दात येतील आता. अंगठा सुटला नाही, तर तेही असेच येतील," म्हणाल्या. "कधी चोखते?" मी म्हटलं, झोपताना.

अंगठ्याला मोहरीची चटणी लावून पाहिली. कार्टीने चाटूनपुसून खाल्ली, वर आजीलाच म्हणते, "मोरमोर, सोबत सॉसेज दे की!"

रविवारी बागेत चोखण्यांच्या झाडापाशी गेलो होतो. शेजारच्या पोराने आपली चोखणी कायमची सोडून फांदीला टांगली, आम्ही झेंडे हलवले, केक खाल्ला. लेर्के हटून बसली, "मलाही टांगायचाय." शेवटी केसांची रिबीन तिच्या अंगठ्याला बांधली, दुसरं टोक फांदीला, आणि तिला उचलून धरलं. "हलवू नकोस गं, झाड घेईल आता." माझे हात भरून आले तशी रिबीन सोडली आणि तिला खाली ठेवली. तिने अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "झाडालाही नको झाला." मग तो तोंडात घातला.



आता स्पष्टच लिहिते. डॉक्टरीणबाईंशी मी खोटं बोलले. अंगठा तोंडात जातो तो तुझा फोन ठेवल्यावर. "शनिवारी नक्की येते," म्हणतेस ना, त्यानंतर. ईस्टरपासून दर शनिवारी पोरगी बूट घालून दारात बसते. येणार असशील तर ये. नसशील, तर तुझ्या तोंडाने सांग तिला. रडेल, रडू दे. मी आहे. पण तुझ्या वतीने "येईल हं आई" म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही.

काल जॅम ढवळत होते, तर जवळ येऊन म्हणाली, "मोर म्हणजे आई, तर मोरमोर म्हणजे दोनदा आई ना? मग त्यातली एक मला दे."

मी ढवळतच राहिले. या शनिवारी तू आली नाहीस आणि तिने पुन्हा मागितली, तर देऊन टाकीन.

तोवर तुझीच,
आई